पहिल्याच अष्टकाला लागलेलं लग्न

टेप जुनी झाली की आवाज थरथरतो, हे मला धुळ्यात विशीतच कळलं होतं. ती थरथर विकत मिळते, हे कळायला मात्र चोपन्नावं वर्ष उजाडावं लागलं.

मोबाइलवर एक अ‍ॅप आहे. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला. उघडलं की एक लाकडी पेटी दिसते, खरी नव्हे, चितारलेली. तिच्यावर दोन काटे हलतात, दोन चक्र्या फिरतात आणि त्यांच्यामधून चॉकलेटी टेप सरकत राहते. टेप नाहीच आहे, तरी सरकते. खाली बटणं. त्यातलं एक टेपच्या वयाचं: नवी, वापरलेली, जुनी आणि शेवटी फार जुनी. नवी टेप फुकट. फार जुनी हवी असेल तर वर्षाची वर्गणी भरा. भंगारवाल्याने गंजलेल्या सायकलीला कोऱ्या सायकलीपेक्षा जास्त भाव सांगावा, तसला हा धंदा.

आणि मी भरली वर्गणी. हे आधी कबूल केल्याशिवाय पुढे बोलायचा मला अधिकार नाही.

धुळ्याला कॉलेजात असताना आम्ही ऑर्केस्ट्रा काढला होता. गणपती, लग्नं, एकदा कापडाच्या दुकानाचं उद्घाटन. मी ऑर्गन वाजवायचो. डावा हात आणि उजवा हात एकाच गाण्यात असले तर तो योगायोग समजायचा. आमच्याकडे खरं इको मशीन होतं, कुणीतरी मुंबईहून सेकंडहँड आणलेलं, उचलायला दोन जण लागायचे. आत टेपचा एक बंद फेरा गरगर फिरत असायचा. गायक जे गाईल ते टेपवर उमटायचं आणि पुढच्या हेडवरून, म्हणजे टेपला घासणाऱ्या तुकड्यावरून, पुन्हा ऐकू यायचं. त्याने एकदा हाक मारली की मशीन चार वेळा हाक मारायचं, दर वेळी थोडी लांबून. लोक त्याच्यावर फिदा होते. पण टेप झिजली की गायक विहिरीत पडल्यासारखा वाटायचा, आणि मागे सतत बारीक खरखर. ती खरखर घालवायला आम्ही कापसाला स्पिरिट लावून हेड पुसले, मशीन ओल्या गोणपाटावर ठेवलं, त्याला उदबत्तीसुद्धा ओवाळली. एकदा ऐन कार्यक्रमात टेप तुटली, तर मी ती जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने जोडली. त्यानंतर दर फेऱ्याला पट्टी हेडवरून जायची आणि गायकाला उचकी लागायची. लोकांतून कुणीतरी माणुसकीने तांब्याभर पाणी पाठवलं.

ज्या खरखरीसाठी आम्ही इतके उपद्व्याप केले, ती आज हौस म्हणून विकतात. ज्यांनी हे अ‍ॅप बनवलं त्यांनी जन्मात एक हेड पुसलं असेल का? माझा जळफळाट होतो तो इथे. दुसऱ्याच्या मनस्तापाची कुणी अशी नक्षी करू नये.

बरं, त्याच अ‍ॅपमध्ये आवाज घुमवायचीही सोय आहे. कुठे गातोय असं वाटायला हवं ते निवडा. चर्च आहे, गुहा आहे, स्टेडियम आहे, फरशीची न्हाणीघरंसुद्धा आहेत. गाभारा नाही. जगातल्या निम्म्या आरत्या जिथे होतात ती जागा त्यांच्या यादीत नाही. मी तक्रार लिहून पाठवली. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो.

मधली तीसेक वर्षं मी जळगावात ठिबकच्या नळ्यांच्या ऑर्डरी लिहिण्यात घालवली. ऑर्गन विकला, ऑर्केस्ट्रा फुटला. म्हणून हे अ‍ॅप हाती आलं तेव्हा मी जरा जास्तच पाघळलो. रोज ऑफिसातून आलो की कानात ते घालून बसायचो. बायको म्हणायची, "चहा ठेवलाय." मला ऐकू यायचं, चहा ठेवलाय, ठेवलाय, वलाय, लाय.

तेवढ्यात भाऊच्या मुलीचं लग्न ठरलं. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, तोही जळगावातच असतो. नवरदेव धुळ्याचा. लग्न नशिराबादजवळ हायवेला लागून असलेल्या एका लॉनवर, मुहूर्त दुपारचा, दिवस एप्रिलचे. खान्देशात एप्रिलच्या दुपारी लग्न ठेवणारा माणूस एक तर ज्योतिषाला घाबरतो किंवा पाहुण्यांचा सूड घेतो. भाऊ ज्योतिषाला घाबरतो.

पत्रिका छापून आल्या आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

आमच्याकडची पत्रिका म्हणजे भाऊबंदकीची मतदारयादी. निमंत्रक, विनीत, प्रेषक, कार्यवाहक, व्यवस्थापक. चुलत, मावस, आते, सगळे पुरुष झाडून आलेले. सहा महिन्यांचं एक बाळ 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत होतं, तेही मुलगाच. मी व्यवस्थापकांमध्ये तिसरा होतो. मी काय व्यवस्था केली ते कळेलच. बायकांचं म्हणाल तर नवरीचं स्वतःचं नाव, कारण ते टाळता येत नाही. बाकी नवरीची आईसुद्धा 'सौ. व श्री.' यातल्या सौ.पुरती.

अक्काने ती पत्रिका वाचली. अक्का आमची सगळ्यांत मोठी बहीण, म्हणजे नवरीची आत्या. चाळीसगावजवळच्या खेड्यात राहते, अहिराणीत बोलते, अहिराणीतच भांडते. तिने पत्रिका पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवली.

"ह्या लगनमां बठ्ठा गडीच शेतस का रे?"

"हो, सगळे पुरुषच. पण छापून झाल्या, अक्का," भाऊ म्हणाला. "आता काय करणार."

"तू काय करशी. मी करसू."

तिने अष्टक लिहायला घेतलं. आमच्याकडे लग्नात घरच्या बाईने एखादं मंगलाष्टक रचून म्हणायचं, ही जुनी हौस आहे. गुरुजींची चार झाली की पाचवं घरचं. त्यात एरवी देवांची नावं, नद्यांची नावं आणि नवरदेवाच्या आजोबांची नावं असतात. अक्काने घरातल्या अकरा बायका घातल्या. नावानिशी, आणि प्रत्येकीने या पोरीसाठी काय केलं ते अर्ध्या ओळीत. आई आजारी असताना दोन वर्षं हिला सांभाळलेली जेठी काकू. दहावीला पहाटे उठवणारी. फ्रॉक शिवणारी. बिबड्या, पापड, कुरडया उन्हात घालताना भाजलेल्या हातांची. सुरुवातच अशी होती: 'चुल्हापाशी उभ्या ज्या, त्या मांडवमां बी उभ्या.' अष्टकाची ती चाल भल्याभल्यांना पेलत नाही. अक्काने दोन महिने शेतातून येता-जाता पावलांवर ती बसवली.

ही बातमी अकराही जणींना होती. कोणत्या ओळीत आपलं काय आलंय ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. अक्काने सांगितलं नाही. लग्नातच ऐका, चारशे माणसांसमोर, असं तिचं म्हणणं. मला दोनच ओळी ऐकवल्या, तेही मी साउंड बघणार म्हणून. माझ्या बायकोचं नाव सातवं आहे एवढं कळलं होतं. बायको त्या दिवसापासून मला न विचारता माझ्या भाजीत तिखट कमी घालत होती, इतकी खूश.

मी अक्काला म्हटलं, "तुझ्या आवाजाला जरा इको लावतो. बघ कसं उठतं."

"हाऊ तुन्हा डबा मन्हा गळाले नको. नाव एकदावच ऐकू ऊनं तरी पुरं."

हे तिचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण तिचा शब्द मोडला नाही. ठरवलं की इको फक्त गुरुजींना. अक्का उभी राहिली की फोन बंद.

गुरुजी मात्र पहिल्या चाचणीतच विरघळले. लॉनवर सकाळी माइक हातात घेऊन त्यांनी 'स्वस्ति श्री' म्हटलं, मी मागून गुहा आणि न्हाणीघर यांच्या मधलं काहीतरी लावलं, आणि त्यांचे डोळे मिटले. "असा आवाज माझा तरुणपणी होता," ते म्हणाले. तरुणपणी त्यांचा आवाज मी ऐकलेला आहे.

बँडचा मास्टर जळगावचाच, पांढऱ्या दाढीचा, क्लॅरनेट वाजवणारा जुना माणूस. त्याची माणसं गेटबाहेर कडुनिंबाखाली बसवली होती, कारण आमच्या गुरुजींना अष्टकाच्या मधे बँड घुसलेला चालत नाही. बाहेरून त्याला मांडव दिसत नव्हता, फक्त कर्णे ऐकू येत होते. मग वाजवायचं कधी?

"मास्टर, सोपं आहे," मी म्हणालो. हे मी म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही. "पाच अष्टकं आहेत. प्रत्येकाच्या शेवटी सावधान येतं. पाचवं सावधान ऐकलं की सुरू करा."

"पाच सावधान. गिन लूंगा, साहब."

मुहूर्त साडेबाराचा. नवरदेवाची गाडी आली सव्वाला. तोवर मांडवातली माणसं उन्हाने अर्धमेली झाली होती आणि मागच्या बाजूने वरण-बट्टीचा वास सुटला होता. तळलेल्या बट्टीचा वास आला की खान्देशी माणसाची धर्मश्रद्धा पातळ होते. सगळे खुर्च्या सोडून उभे राहिले. अंतरपाट धरला गेला, इकडे नवरी, तिकडे नवरदेव. अक्का नवरीच्या मागे, हातात वहीचा कागद, नेसूची नवी नऊवारी. तिच्या आजूबाजूला त्या अकरा जणी अशा उभ्या होत्या की जणू शाळेत बक्षिसाची नावं पुकारणार आहेत. माझी बायको पदर सारखा करत होती.

मी मिक्सरपाशी. एका मुठीत कुंकवाच्या ओल्या अक्षता, दुसऱ्या हाताखाली फोन.

आता माझी करामत ऐका. ऑर्केस्ट्रात आमची एक युक्ती होती. सबंध गाण्याला इको लावायचा नाही, सगळा चिखल होतो. फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर बटण झटकन वर न्यायचं आणि लगेच खाली. तेवढाच शब्द मागे दरवळत राहतो. मी ठरवलं होतं की गुरुजींच्या प्रत्येक 'सावधान'ला ही युक्ती करायची. एकदाच, हलकेच, अत्तरासारखी.

पहिलं अष्टक सुरू झालं. गुरुजी डोळे मिटून. 'शुभमंगल' आलं, मी डाव्या करंगळीने बटण वर ढकललं, 'सावधान' आलं, आणि बटण खाली आणणार तेवढ्यात पडद्यावर एक चौकोन उगवला.

तुम्हाला आमचं अ‍ॅप कसं वाटतंय? पाच तारे द्या.

लाकडी पेटी झाकली गेली. काटे झाकले गेले. बटणही त्याच्याखाली. चौकोन बंद करायची फुली कोपऱ्यात, मोहरीएवढी. माझ्या एका हाताला ओलं कुंकू, दुसऱ्याला घाम. मी फुली दाबली तर तारे लागले. तारे पुसायला गेलो तर त्याने विचारलं, आणखी सुधारणा काय हवी. खऱ्या मशीनचं बटण अंधारातही हाताला लागायचं, आंधळ्यालासुद्धा मागे फिरवता यायचं. इथे नुसती काच. आणि त्या काचेखाली माझी विकत घेतलेली फार जुनी टेप फिरत होती.

कर्ण्यांतून गुरुजींचं पहिलं गेलं: सावधान.

लोकांनी अक्षता टाकल्या.

सावधान.

लोक जरा थबकले, पण सावधान म्हटल्यावर हात थांबत नाही. पुन्हा टाकल्या.

सावधान.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मूठ चाचपून दोनच दाणे टाकले. काही शिल्लक ठेवायला हवेत, हा अनुभवी माणसाचा विचार.

सावधान.

गुरुजींनी डोळे उघडले. पुढचं अष्टक सुरू करायला तोंडही उघडलं होतं, ते तसंच राहिलं. स्वतःच्याच आवाजाच्या मधे कसं बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

सावधान.

कडुनिंबाखाली मास्टरने पाच मोजले होते. क्लॅरनेट, ढोल, ट्रम्पेट, सगळं एकदम. बँड वाजला म्हटल्यावर अंतरपाट धरलेल्या दोघांनी तो सोडला. अंतरपाट सुटला म्हटल्यावर नवरदेवाच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. नवरीला आमच्या पोरांनी उचललं. हार पडले, टाळ्या झाल्या, कुणीतरी फुलबाजे लावले. एक मिनिट गेलं नसेल. मी मिक्सरपाशी एका कंपनीला पाच तारे देऊन उभा होतो.

मागे जेवणाच्या पातेल्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला आणि चारशे माणसं एकदम वळली.

अक्का होती तिथेच होती. कागद हातात. आजूबाजूच्या अकरा जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"लगन लागी गयं?" तिने विचारलं.

मी फोन खिशात घातला. जणू तो दिसला नाही तर गुन्हाही दिसणार नाही.

मी धावत गुरुजींकडे गेलो. "गुरुजी, चार अष्टकं राहिलीत."

"राहिली."

"मग पुन्हा अंतरपाट धरू या. पाचच मिनिटं."

"हार पडले," गुरुजी म्हणाले. "लागलेलं लग्न परत लावू का? आणि तो तुमचा फोन..." त्यांनाही घुमणारा आवाज हवा होता, हे त्यांना आठवलं असावं. मग हळू आवाजात विचारलं, "बट्टी गरम आहे ना?"

मास्टर आत आला तो मान खाली घालूनच. "साहब, आपने पाच बोला था. हमने पाच गिने."

"मास्टर, चूक माझी आहे."

"वो तो है," तो म्हणाला. इतकं झटपट कबूल करेल असं वाटलं नव्हतं. "मगर पहिला और दुसरा के बीच में साँस तो लेने देते आदमी को. मैंने सोचा, आजकल पंडितजी लोग भी जल्दी में रहते."

आता मी चिडलो ते कुणावर, हे नीट सांगतो. अ‍ॅपवर चिडलो ते आहेच. स्वतःवर चिडलो तेही आहे, पण त्याची मला सवय आहे. खरा संताप आला तो पंगतीत. जो भेटेल तो म्हणत होता, बरं झालं, लवकर उरकलं. भाऊसुद्धा. पाहुण्यांना वाढता वाढता मला म्हणाला, "जाऊ दे रे. लागलं ना लग्न? अष्टकाचं काय एवढं."

"अक्काने दोन महिने घातलेत."

"व्हिडिओत टाकू की. नंतर म्हणायला लाव, तू रेकॉर्ड कर, इको-बिको लावून. व्हिडिओवाला जोडून देईल मधे."

मी हे अक्काला सांगायचा गाढवपणा केला. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, जेवली नव्हती. तिच्याबरोबर कुणीच जेवलेलं नव्हतं. लग्नघरच्या अकरा बायका पंगत सोडून एका खांबापाशी बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. आणि त्यांच्यावाचून वाढणं अडलंय हे भाऊच्या लक्षात यायला अर्धा तास लागला.

"व्हिडिओ कोन देखस रे?" अक्का म्हणाली. "ज्यासनी पत्रिकामां सोतानं नाव छापं, त्यासना कानवर पडाले पाहिजे. तोंडमां घास राहिना तरी चाली."

"चूक माझी झाली, अक्का."

"तुन्ही शेच. पन तुन्ह्या एकलानी नही. बँड वाजना तं वाजना, पन कोनी म्हनं का, थांबा, अक्कानं राही गयं?"

कोणी म्हटलं नव्हतं. मीही म्हटलं नव्हतं, मी फुली शोधत होतो. चारशे माणसांत आमचे वीस-पंचवीस पुरुष असे होते की ज्यांना पाचवं अष्टक कुणाचं हे पक्कं माहीत होतं. त्यांच्यातला एकसुद्धा बट्टीच्या आड आला नाही. पत्रिकेत व्यवस्थापक म्हणून छापून घ्यायला सगळे होते.

साडेचारला पाठवणी निघाली. फुलं लावलेली गाडी गेटबाहेर, तोंड हायवेकडे. नवरदेव बसला, नवरीही बसली. भाऊ डोळे पुसत काचेपाशी उभा. इतक्यात जेठी काकू गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. मग माझी बायको. मग बाकीच्या. कुणी काही ठरवलेलं मला दिसलं नाही, पण अकरा जणी बॉनेटपुढे उभ्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला धजत नव्हता.

"काय आहे हे?" भाऊ म्हणाला. "त्यांना धुळ्याला जायचंय. ऊन आहे."

नवरीने दार उघडलं आणि खाली उतरली. शालूचा घोळ एका हातात धरून ती अक्कासमोर जाऊन उभी राहिली. "आत्या, म्हण," ती म्हणाली.

"अंतरपाट नही, बाई."

नवरीने डोक्यावरची शाल काढली. एक टोक जेठी काकूच्या हातात दिलं, एक माझ्या बायकोच्या. नवरदेव गाडीतून हे बघत होता. त्याने मला विचारलं, "काका, मी उतरू का?" मी म्हटलं, "जावईबापू, मला विचारू नका. आज मी ज्यात हात घातला ते बिघडलं." तो उतरला आणि शालीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. शहाणा मुलगा आहे.

गुरुजी पान चघळत आले, शाल बघितली, आणि पान थुंकून आले.

अक्काने कागद उघडला नाही. माइक नव्हता, कर्णे नव्हते. जे पुरुष हात पुसत गेटपाशी आले होते त्यांना थांबावं लागलं, कारण वाट अडली होती. तिने सुरुवात केली आणि मी तिचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला. त्यात घुमारा काही नव्हता. शब्द निघायचा, पोचायचा आणि संपायचा. पहिलं नाव, जेठी काकूचं. तिने शालीचं टोक आणखी वर उचलून धरलं. दुसरं. तिसरं. आमच्या एका चुलतभावाने टोपी काढून हातात घेतली. त्याच्या आईचं नाव त्याने बहुधा वर्षानुवर्षं कुणाच्या तोंडून ऐकलं नसेल. सगळे तिला नानी म्हणतात. सहावं.

आणि सातव्याला हायवेवरून दुसऱ्या लग्नाची वरात आली.

ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, पुढे नाचणारी पोरं, आणि वर माइक घेतलेला एक इसम 'आवाज' म्हणून ओरडत होता. वाज, वाज, वाज. तो इको मी लगेच ओळखला. तीच पेटी, तीच जुनी टेप. अक्का थांबली नाही. अष्टकाच्या चालीला मधे थांबायला जागाच नाही, एक ओळ मोडली की सगळं कोसळतं. तिचे ओठ हलताना दिसले. ट्रक पुढे गेला तेव्हा ती आठव्या नावावर होती.

अकरावं झालं. तिने 'सावधान' एकदाच म्हटलं. अक्षता कुणाकडेच उरल्या नव्हत्या, सगळ्यांनी नुसते हात उचलले. मास्टरने या वेळी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मग वाजवलं.

नशिराबादहून जळगावला येताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. अर्धी वाट सरली. मग म्हणाली, "सातवं माझं होतं."

"हो."

"अक्का काय म्हणाली माझ्याबद्दल?"

मी गाडी चालवण्यात फार गर्क असल्याचं दाखवलं. पण तिने पुन्हा विचारलं. मला ऐकू आलं नव्हतं हे कबूल करावं लागलं. तिच्या शेजारच्या कुणालाही आलं नव्हतं, तिने तिथेच सगळ्यांना विचारून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी तिने मला रेल्वेने चाळीसगावला नेलं आणि तिथून अक्काच्या गावी. अक्का ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. बायको तिच्याजवळ बसली, सुपातले दोन खडे काढले आणि विचारलं, "अक्का, माझी ओळ काय होती?"

अक्काने सुपातला आणखी एक खडा काढून टाकला. "तुले एकलीले सांगीसन काय करू, बाई? तुले तं मालूमच शे तू काय करं ते. बठ्ठासले ऐकाडानं शे."

"मग कधी?"

"पुढला लगनमां. पन आते मन्हं पह्यलं. गुरुजीनं मांगेतून."

पुढच्या लग्नात घरचं अष्टक आधी आणि गुरुजींची नंतर, हे मी भाऊच्या कानावर घातलं. भाऊ म्हणाला, बघू. गुरुजींना विचारलं, त्यांनीही प्रथा नाही म्हणून सांगितलं आणि मग बघू म्हणाले. या 'बघू'ची मला आता त्या चौकोनापेक्षा जास्त चीड येते. चौकोनाला कोपऱ्यात का होईना, फुली होती.

घराण्यात लग्नाचं वय झालेला आता एकच आहे, आमचा मुलगा. तो पुण्यात नोकरीला असतो आणि इतक्यात नको म्हणतो. बायकोने त्याच्यामागे लकडा लावलाय. रोज संध्याकाळी फोन, आठवड्याला दोन स्थळं, फोटो, पत्रिका. परवा तो वैतागून मला म्हणाला, "बाबा, आईला एकदम एवढी घाई का झालीय?"

मी म्हणालो, वय झालंय तुझं. खरं कारण त्याला सांगायची अजून माझी हिंमत झालेली नाही.